शुभांगीचे कागद, सिंगापूरला

चांगी विमानतळावर उतरले तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेच्या अंगठ्यात बोट जाईना. वाटेत मद्रासला तीन तास बसवून ठेवलं होतं, आणि शेजारच्या गृहस्थांनी रात्रभर माझ्या खांद्याची उशी केली होती. एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या बाईनं तो विमानतळ बघून खरं तर हरखून जायला हवं. जिकडे तिकडे गालिचे, कुंड्यांमधून ऑर्किडची फुलं, आणि एवढी माणसं असून गलका नाही. मला मात्र एवढंच वाटत होतं की कुठेतरी भुईवर पाय पसरून बसावं आणि कोणी तरी कपभर चहा आणून द्यावा.

हातातल्या कार्डावर लाल अक्षरांत छापलं होतं की अमली पदार्थ आणणाऱ्याला या देशात फाशी होते. ते नीट वाचलेलं असूनही, कस्टमच्या माणसानं माझ्या पिशवीतली मेतकुटाची पुडी वर उचलून "व्हॉट इज दिस, आंटी?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पावडर." त्याचा चेहरा बदलला. त्यानं पुडी फोडली, नाकाशी नेली आणि लागोपाठ दोन शिंका दिल्या. मग मलाच म्हणाला, "फूड?" मी म्हटलं, "फूड, फूड." बाकी सामान त्यानं उघडलंही नाही. पोटाशी धरलेल्या निळ्या फाइलीकडे तर त्यानं बघितलंदेखील नाही, आणि मी तर त्या फाइलीसाठीच आले होते.

मी सिंगापूर बघायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना तिथल्या बागा, पक्षी आणि दुकानं हवी असतील त्यांना पुष्कळ हौशी माणसांनी लिहिलेलं वाचायला मिळेल. मी गेले होते कागद घेऊन. कृष्णाकाठच्या आमच्या गावी नगरपालिकेत मी पस्तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. अर्ध्या गावाचा जन्म माझ्या अक्षरात आहे. निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या जुलैत, शुभाचा सिंगापूरहून फोन आला. शुभा म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, शुभांगी. म्हणाली, "आई, माझ्या जन्माच्या नोंदीची पूर्ण नक्कल घे, लग्नाचे कागद घे, आणि तूही ये. बाळाच्या कागदांचं अडलंय." हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घराला कुलूप लावायला वेळ असा कितीसा लागतो!

शुभा पुण्यात फ्रेंच शिकली, मुंबईत एका जहाज दुरुस्तीच्या कंपनीत दुभाष्याचं काम करू लागली आणि तिथेच एतियेन नावाचा फ्रेंच इंजिनियर पसंत करून मोकळी झाली. भाषा शिकली ती शिकली, वर माणूसही तिकडचाच आणला, असं आमच्याकडे पुष्कळ दिवस बोललं जात होतं. आता दोघं सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये राहत. टॅम्पिनीस म्हणजे सरकारनं बांधलेल्या उंच इमारतींचं मोठं उपनगर. इमारतींवर अंगठ्याएवढाले नव्हे, माणसाएवढाले आकडे रंगवलेले. ते नसते तर मी रोज दुसऱ्याच्याच घरी गेले असते. शुभाचा भाड्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. खिडकीतून खाली बघितलं की झाडं, बसथांबा, आणि बांबूवर वाळत घातलेले शेजाऱ्यांचे कपडे.

जावयांनी दारातच वाकून नमस्कार केला. "आई, चहा?" त्यांना मराठी एवढंच येतं, पण ते योग्य वेळी येतं. चौदा महिन्यांचा नातू माझ्याकडे बघून भोकाड पसरून रडला. मी म्हटलं, रड बाबा, मलाही तेच करावंसं वाटतंय. मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून मी दोन कप चहा प्यायले.

आता कागदांचं अडलं होतं ते कशामुळे, ते सांगितलं पाहिजे, आणि ते सांगताना माझी मान खाली जाणार आहे.

शुभाचं लग्न आमच्या गावी वैदिक पद्धतीनं लागलं. गोरा जावई, त्यातून ख्रिस्ती. लोक जेवायला आले होते तसे बघायलाही आले होते. माझी मोठी जाऊ म्हणाली, "मालती, नाव तरी बदलून घे पोरीचं. नाहीतर लोक म्हणतील, हे लग्न नव्हेच, नाटक होतं." आपल्याकडे नवरदेव तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. जावयांना ही कल्पना कोणी समजावली देव जाणे. जावेनं त्यांच्यापुढे चार नावं ठेवली, त्यातलं सर्वांत सोपं त्यांनी निवडलं. उमा. त्यांच्या थरथरत्या देवनागरीत तांदळावर 'उमा' उमटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसानंतर शुभाला उमा म्हणून कोणी हाक मारलेली नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही.

पण लग्न नोंदणीचा अर्ज भरला मी. माझं अक्षर चांगलं म्हणून असले अर्ज गावात मीच भरते. लग्न लागलेलं होतं, नाव बदललेलं होतं, तेव्हा वधूच्या नावाच्या रकान्यात मी ठळक अक्षरांत 'उमा' लिहिलं. हजार मुलींची अशी लिहिली होती. त्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला उमाचा, आणि पासपोर्टावरून नातवाच्या सिंगापूरच्या जन्मदाखल्यावर आई लागली उमा. ही उमा कागदावर जन्मली, कागदावर तिचं लग्न झालं, आणि कागदावरच ती बाळंत झाली. शुभांगी राहिली ती फक्त माझ्या जुन्या वहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही फ्रेंच दूतावासात गेलो. एमआरटीनं (अर्धी जमिनीवरून, अर्धी जमिनीखालून धावणारी आगगाडी) शहरात, आणि तिथून टॅक्सीनं एका गर्द झाडीच्या रस्त्यावर. एमआरटीच्या गाडीत कोणी बोलत नाही, खात नाही, पाणी पीत नाही. मी पर्समधून खडीसाखर काढली तर शुभानं हळूच माझा हात दाबला.

नोंदणीच्या खोलीत एक पन्नाशीच्या बाई होत्या. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, टेबलावर छोटा पंखा. शुभा त्यांना मादाम म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हटलं. शुभाशी त्या फ्रेंचमध्ये बोलत आणि माझ्यासाठी इंग्रजीत पुन्हा सांगत. ही त्यांची माणुसकी मी विसरणार नाही, कारण आमच्या खिडकीपाशी आलेल्या माणसाला मी एकदाच सांगत असे.

"इथे शुभांगी. इथे उमा," कागदांची इंग्रजी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवत त्या म्हणाल्या. "उमा कोण?"

"मीच," शुभा म्हणाली.

"मग नाव बदलल्याचा कोर्टाचा हुकूम असेल."

"हुकूम नाही. तांदळात लिहिलं होतं."

मादामनी पेन खाली ठेवलं. "तांदळात?"

शुभानं लग्नाचा फोटो दाखवला. ताट, तांदूळ, जावयांचा घामेजलेला चेहरा. मादामनी फोटो बराच वेळ बघितला. हसल्या नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितलं. फ्रान्समध्ये माणसाचं नाव म्हणजे जन्माच्या नोंदीत असेल ते. बाईला लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव वापरता येतं, दारावर, पत्रावर, कुठेही. पण सरकारी वहीत ती मरेपर्यंत जन्माच्याच नावानं राहते. फ्रेंच माणसानं परदेशात केलेलं लग्नही त्याच वहीत उतरवून घ्यावं लागतं. जावयांनी तीन वर्षं आळस केला होता, आणि आता उतरवायचं म्हटलं तर हा घोळ.

"आमच्या कायद्याच्या नजरेनं बघितलं तर," मादाम म्हणाल्या, "तुमच्या जावयानं ज्या बाईशी लग्न केलंय तिचा जन्मच झालेला नाही."

मग त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि दोन कागद उचलले. एक एकोणतीस वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीची छायाप्रत, दुसरी लग्नाच्या अर्जाची प्रत. "मला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण हात एकच दिसतो."

पस्तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या मला, टेबलाच्या या बाजूला बसून घाम फुटला. मी म्हटलं, "दोन्ही मीच लिहिलंय."

त्यावर मादामनी दोन वाटा सांगितल्या. एक तर गावी जाऊन लग्नाच्या नोंदीत दुरुस्ती करून आणायची. नाहीतर ज्या माणसासमोर दोन्ही नावं ठेवली गेली त्यानं शपथेवर लिहून द्यायचं की शुभांगी आणि उमा एकच, आणि त्यावर आपल्या हाय कमिशनचा, म्हणजे तिथल्या भारतीय वकिलातीचा, शिक्का आणायचा. म्हणजे मी. मी लगेच विचारलं, "यात बाळाचं किती दिवस अडेल?"

"बाळाचं?" मादाम गोंधळल्या. "बाळाचं काही अडलेलं नाही. बाप फ्रेंच आहे, दाखल्यावर त्याची सही आहे. मूल कुठेही जन्मलं तरी जन्मल्या क्षणापासून फ्रेंच. त्याचा पासपोर्टही झालाय. हे कागद तुमच्या मुलीच्या अर्जाला हवेत. फ्रेंच माणसाशी लग्न झालेल्या बाईला, मला फ्रेंच व्हायचंय, असं जाहीर करता येतं. एरवी लग्न होऊन दोन वर्षं व्हावी लागतात, मूल असलं तर तेवढीही नाही."

मी शुभाकडे बघितलं. ती फाइलीची गाठ सोडवत बसली होती. फाइलीला गाठ नव्हती.

कागदांच्या प्रती काढायला ती आत गेली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेजारी एक सावळे, ताठ बसलेले म्हातारे गृहस्थ होते. कपाळाला विभूतीची पुसट रेघ, हातात फ्रेंच पासपोर्ट. मी टक लावून बघत असणार, कारण त्यांनी आपण होऊन इंग्रजीत सांगितलं की ते कारैकालचे, पाँडिचेरीच्या बाजूचे. तरुणपणी फ्रेंचांच्या फौजेत होते, मग सिंगापूरला येऊन स्थिरावले. दर वर्षी इथे येऊन आपण जिवंत आहोत असा दाखला घ्यायचा, म्हणजे पेन्शन चालू राहतं.

"बासष्ट साली आमचा गाव कायद्यानं भारताचा झाला," ते म्हणाले. "मी इथे होतो. बाहेर राहणारा फ्रेंचच राहिला, काही करावं लागलं नाही. गावात राहणाऱ्याला फ्रेंच राहायचं तर सहा महिन्यांत जाऊन सही द्यावी लागत होती. माझा धाकटा भाऊ आज जातो, उद्या जातो म्हणत राहिला. मग गाय व्यायली, मग भात कापणीला आलं. तो इंडियन झाला."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मला नाही. आमची अम्मा मात्र मरेपर्यंत विचारायची, एका पोटातून दोन देश कसे निघाले म्हणून." त्यांनी घड्याळ बघितलं. "आता या सगळ्याचा कंटाळा आलाय, बाई. मी जिवंत आहे हे मला स्वतःलाच दर वर्षी पटवून द्यावं लागतं."

परत येताना गाडीत शुभा आणि मी एक शब्द बोललो नाही. तिथे कोणीच बोलत नसल्यानं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी जावई आम्हाला पासिर रिसला समुद्रावर घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीची दहाबारा फ्रेंच कुटुंबं महिन्यातून एकदा जमतात. झाडाखाली चादरी पसरलेल्या, लांबलचक पाव, उकाड्यानं वितळून पसरलेलं चीज, आणि वाळूत लोखंडी गोळे फेकण्याचा एक खेळ. तो खेळ पुरुष लग्नाची बोलणी चालल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं खेळत होते. चीज मी चाखून बघितलं. वासावरून मला वाटलं तेवढं ते वाईट नव्हतं, पण दुसऱ्यांदा घेण्याइतकं बरंही नव्हतं.

मला वाटलं होतं, ही माणसं देशाच्या आठवणी काढत बसतील. तसं काही नाही. बोलणं सगळं आपल्या चाळीतल्यासारखं. कोणाची बदली कुठे झाली, दाताचा डॉक्टर कोण चांगला, नव्यानं आलेल्या बाईला बाजार कोणी दाखवायचा. वकिलातीच्या यादीत नाव घातलंस का, हे मात्र प्रत्येक नव्या माणसाला विचारलं जात होतं. त्या यादीत नाव असलं की जगात कुठेही असा, मतदान आहे, शाळा आहे, अडचणीला कोणी तरी आहे. एक बारा वर्षांची मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलली. जन्म आफ्रिकेतला, मग जाकार्ता, आता इथे.

"फ्रान्स कसं आहे?" मी विचारलं.

"छान आहे. उन्हाळ्यात आजीकडे जातो आम्ही. तीन आठवडे."

आमच्याकडची मुलं मे महिन्यात आजोळी जातात तशी ही आपल्या देशाला जात होती, आणि तरी ती फ्रेंच आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी नातवाकडे बघितलं. तो वाळू खात होता. हा आमच्या गावाला असाच येणार, तीन आठवडे. आला तर. माझं डोकं दुखायला लागलं आणि मी चादरीच्या कडेला आडवी झाले.

घरी आल्यावर, जावई बाळाला आंघोळ घालत असताना, मी स्वयंपाकघरात विषय काढला. "पासपोर्ट परत द्यावा लागेल तुला आपला. आपल्याकडे दोन देश चालत नाहीत."

"माहीत आहे."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

मी म्हटलं, "शपथपत्र कच्चं काम आहे. मी गावी जाऊन नोंदच दुरुस्त करून आणते. पक्कं होईल."

"किती दिवस लागतील?"

"वर्ष. दोन वर्षं." ती कचेरी, तिथलं टेबल आणि टेबलावरचा माणूस मला ठाऊक होता. मी मनात धरलं तर त्याला दहा वर्षंसुद्धा लावता आली असती.

शुभानं हातातली कढई खाली ठेवली. "आई, तू हे मुद्दाम म्हणतेयस."

खोटं कशाला बोलू, मुद्दामच म्हणत होते.

मग तिनं मला मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. फोनवर तिनं एवढंच कळवलं होतं की सासूबाई वारल्या. त्या शेवटच्या घटका मोजत होत्या, नातवाला एकदा बघायचं म्हणत होत्या. जावयांनी तीन महिन्यांचं बाळ घेतलं आणि पहिलं विमान पकडलं. दोघांकडे फ्रेंच पासपोर्ट. शुभाकडे आपला, त्याला व्हिसा हवा. कोणी काही चुकीचं केलं नाही, नियमाप्रमाणे जेवढे दिवस लागतात तेवढे लागले. पाच दिवस.

"बाळ तिकडे बाटलीला तोंड लावत नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी इथे या सिंकपाशी उभी राहून दूध पिळून टाकत होते. दर तीन तासांनी. पाच दिवस. सहाव्या दिवशी पोचले तेव्हा सासूबाईंचं सगळं होऊन गेलेलं, आणि मला दूध राहिलं नव्हतं." ती रडत नव्हती. "एतियेनची बदली दर तीन वर्षांनी होणार. दर वेळी ती दोघं त्या रांगेत, मी या रांगेत. मी थकले ग आई. मला देशाचं काही म्हणायचं नाही. मला फक्त माझ्या मुलाच्या रांगेत उभं राहायचंय."

मी तिला बाळंतपणाला बोलवलं होतं तेव्हा ती आली नाही म्हणून मी महिनाभर रुसले होते. त्या पाच दिवसांत तिनं मला फोन केला असता तर मी काय करणार होते, तेही मला सांगता येत नाही. पण आपल्या लेकीच्या छातीत दूध दाटलं होतं आणि मी गावात जावेशी पापडांवरून भांडत होते, हे मनातून जाईना. ती रात्र मी भिंतीकडे तोंड करून काढली. सकाळी म्हटलं, "चल, कुठे शपथ घ्यायची ते दाखव."

शपथ घेतली शहरातल्या एका वकिलाच्या खोलीत. तमिळ वकील, चिनी कारकून, आणि टाइप केलेला इंग्रजी मजकूर. मी अमुक अमुक, या मुलीची जन्मदात्री आई, हिच्या बारशाला आणि लग्नाला हजर होते. वकिलानं हात वर करायला सांगितलं. एवढ्या वर्षांत मी लोकांची शेकडो शपथपत्रं घेतली, आणि घेताना त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. या वकिलानंही माझ्याकडे बघितलं नाही, ते बरंच झालं.

तिथून आपल्या हाय कमिशनवर जायचं होतं, त्याआधी जेवायला हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्या) शिरलो. शुभा माझ्यासाठी थोसाई, म्हणजे आपला डोसा, आणायला रांगेत गेली. मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालांची एक पुडी. काय व्यवस्था आहे या देशात, असं मनात म्हणत मी पुडी फोडली, टेबल स्वच्छ पुसलं, उरलेल्या रुमालानं चष्मा पुसला आणि बसले. एवढ्यात वाटी घेतलेली एक चिनी बाई येऊन उभी राहिली.

"आंटी, हिअर गॉट पीपल ऑलरेडी, लाह!"

मी म्हटलं, "पीपल कुठे आहेत? नो पीपल."

"दॅट वन माय टिश्यू!"

रुमालाची पुडी ठेवली की टेबल अडवलं असा तिथला रिवाज, हे शुभानं धावत येऊन सांगितलं. मी ती बाई बसायच्या आत उठायला लागले तर गुडघ्यानं दगा दिला. तेव्हा तीच म्हणाली, "नेव्हर माइंड, सिट, सिट," आणि आम्ही तिघी एका टेबलावर जेवलो. तिनं आपल्या वाटीतलं काही मला देऊ केलं. त्यात कोळंबी होती. मी हात जोडले.

शिक्का मिळायला चार दिवस गेले. मग पुन्हा त्याच झाडीतल्या रस्त्यावर, पुन्हा मादाम. त्यांनी शपथपत्र वाचलं, शिक्का उजेडात धरून बघितला, मान हलवली. मग शुभानं उभं राहून फ्रेंचमध्ये काहीतरी वाचलं. मला त्यातलं एकच कळलं, 'शुभांगी', आणि पुढे तिच्या वडिलांचं आडनाव. जावई बाळाला घेऊन खिडकीशी उभे होते. सगळं दोन मिनिटांत झालं. एखादी मोठी गोष्ट व्हावी आणि पंख्याचा आवाजही बदलू नये, असं ते होतं.

"आता कागद पॅरिसला जातील," मादाम म्हणाल्या. "नाही म्हणायला सरकारला एक वर्ष असतं. नाही म्हणाले नाहीत तर नांत गावच्या कचेरीत यांच्या जन्माची फ्रेंच नोंद होईल. परदेशात जन्मलेल्या फ्रेंचांच्या नोंदी तिथे असतात. जन्मस्थळ तुमचंच गाव राहील. बापाचं नाव आहे माझ्याकडे. आईचं?"

"मालती," शुभा म्हणाली.

"हे लग्नानंतरचं की जन्माचं?"

शुभा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. माहेरी मला सगळे ताई म्हणत. माझे आईवडील शुभा तान्ही असतानाच गेले, मग माहेर असं उरलं नाही. एकोणतीस वर्षांची माझी लेक, तिला आईचं नाव माहीत नव्हतं, आणि तो दोष तिचा नव्हता. मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"द्वारका," मी म्हटलं. जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "द्वारका."

मादामनी ते माझ्याकडून अक्षर अक्षर करून घेतलं. "याचा कागद आहे?"

"इथे नाही."

"मग पेन्सिलीनं लिहिते. दाखला पाठवलात की शाईनं लिहू."

बाहेर आल्यावर शुभानं माझा हात धरला तो टॅक्सी येईपर्यंत सोडला नाही. जावई काही न कळून विचारत होते, "आई, चहा?"

परतल्यावर आठवडाभर अंथरुणात काढला आणि मग माहेरच्या गावी गेले. पस्तीस वर्षांच्या नोकरीची पुण्याई, म्हणून तिथल्या माणसानं जुनी वही काढून दिली. माझा जन्म सापडला. तारीख आहे, वडिलांचं नाव आहे, जात आहे. मुलाच्या नावाच्या रकान्यात 'स्त्री' एवढंच. बारसं व्हायच्या आत नोंद करत, आणि नाव मागाहून लिहायला कोणी येत नसे. मी स्वतः असे किती रकाने मोकळे सोडले असतील! माहेरच्या शाळेच्या नोंदवह्या कृष्णेच्या पुरात गेलेल्या. चौथीपुढचं शिक्षण सासरी झालं, ते मालतीचं. मी मादामना पत्र लिहून कळवलं की कागद नाही.

पुढच्या वर्षी सरकारनं नाही म्हटलं नाही. शुभानं आपला पासपोर्ट हाय कमिशनला परत केला. काय वाटलं असं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला.

"आई, व्हिसाचा फॉर्म भरतेय. भारतात ओळखीची व्यक्ती कोण, असा रकाना आहे. तुझं नाव लिहिते."

"लिही."

"कुठलं लिहू?"

"मालती लिही. कागद तेवढ्याचाच आहे."

ती म्हणाली, "बरं. द्वारकाबाई, येते हं मी पाडव्याला."

फोन ठेवून मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. माझी लेक आता परदेशी आहे, आणि मला या नावानं हाक मारणारं जगात तिच्याशिवाय कोणी नाही.